चपलांचं टोकन आणि पुनर्विवाहाची जाहिरात

शिरूरच्या एसटी स्टँडापासून थोडं आत गेलं की माझं दुकान लागतं. पाटीवर ‘सर्व ऑनलाइन कामे’ असं लिहिलंय आणि त्यातला ‘सर्व’ हा शब्द मला फार महागात पडतो. सातबारा, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, लग्नाचा बायोडाटा, इथवर ठीक. पण फोनचा आवाज गेला, नातू व्हिडिओ कॉल उचलत नाही, असली कामंही लोक त्यात बसवतात. खुर्चीच्या मागं भिंतीवर गणपती आहे आणि गणपतीशेजारी काचेत माझी पदवी. आमच्या घराण्यातली पहिली. वडील होते तोवर दुकानात आले की आधी गणपतीला हात जोडायचे आणि मग उपरण्यानं पदवीची काच पुसायचे. पदवी कॉम्प्युटरची आहे, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. पण आज ज्या गोष्टीवर लिहायला बसलेय, तिचा अभ्यास दुकानातच झाला, आणि खरं सांगायचं तर तो अजून अर्धाच झालाय.

ती गोष्ट म्हणजे कुकी.

कुठलीही वेबसाइट उघडा, खालून एक पट्टी वर येते. आम्ही कुकीज वापरतो, चालेल ना? ‘सगळं मान्य’ हे बटण मोठं, रंगीत, अगदी पाहुणचाराला बोलावल्यासारखं. नकार द्यायचा असेल तर मात्र करड्या बारीक अक्षरांत कुठंतरी ‘पर्याय’ असं लिहिलेलं असतं. लोक मला विचारतात, “ताई, दाबू का?” पट्टी गेल्याशिवाय मागचा निकाल दिसत नाही, म्हणून सगळेच दाबतात. मीही वर्षानुवर्षं दाबत आले. एकदा हट्टानं त्या ‘पर्याया’त शिरले, तर त्या साइटच्या ‘भागीदारां’ची यादीच निघाली. साइट होती कांद्याच्या बाजारभावाची. कांद्याच्या भावाला एवढे भागीदार? आमच्या गावच्या सोसायटीला इतके सभासद नाहीत. सरकवून सरकवून अंगठा दुखला, यादी काही संपली नाही.

आता कुकी म्हणजे काय ते माझ्या पद्धतीनं सांगते. मोठ्या देवस्थानाला गेलात की बाहेर चपला ठेवता. तिथला माणूस तुम्हाला नंबराचं टोकन देतो. टोकन तुमच्या खिशात राहतं, पण त्या नंबराचा अर्थ त्याला कळतो, तुम्हाला नाही. दर्शन करून आलात की तो तुमचं तोंड बघत नाही, टोकन बघतो. वेबसाइटचंही तसंच. ती तुमच्या फोनच्या ब्राउझरमध्ये एक छोटं टोकन ठेवते. पुढच्या पानावर गेलात की ते बघून ओळखते, हा मघाचाच माणूस, यानं पासवर्ड दिलाय, आत घ्या. हे टोकन नसेल तर पानापानाला पासवर्ड द्यावा लागेल. तेव्हा सगळ्याच कुकीज वाईट, असं मी म्हणणार नाही.

घोळ पुढं आहे. समजा यात्रेत चपलांच्या ठेकेदारानं बांगड्यांच्या, भांड्यांच्या, खेळण्यांच्या दुकानापुढंही आपला एकेक माणूस उभा केलाय. तुम्ही कुठंही थांबलात की तो तुमच्या टोकनाचा नंबर टिपतो. त्याला तुमचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. पण हे टोकन बांगड्यांपाशी फार वेळ रेंगाळलं, एवढं त्याला कळतं. मग तुम्ही भजी खायला बसलात तरी शेजारी बांगडीवाला हजर. याला म्हणायचं तिसऱ्याची कुकी. तुम्ही गेलात बांगडीवाल्याकडं, बांगडीवाला आहे दुकानात, आणि हा तिसराच कुणीतरी मध्ये वही घेऊन.

पहिल्यांदा या टोकनाचा धडा मला कारेगावात खोली करून राहणाऱ्या एका बिहारच्या कामगारानं दिला. तो दुकानात येऊन ईमेल बघून गेला, आणि त्याच खुर्चीत पुढचं गिऱ्हाईक बसलं तर त्याच्यासमोर या पोराची सगळी पत्रं उघडी. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं तर म्हणाला, “दीदी, मैंने तो बंद किया था।” बंद केलं होतं, पण फक्त खिडकी. टोकन तिथंच टेबलावर ठेवून गेला होता. तेव्हापासून मी दुकान बंद करताना प्रत्येक कॉम्प्युटरच्या कुकीज पुसते. सेटिंगमध्ये गोपनीयता म्हणून भाग असतो, तिथं ‘ब्राउझिंग डेटा हटवा’. घरी आई चूल सारवून मगच झोपायची, तसं माझं हे.

पुसण्याचाही तोटा असतो. एक गुरुजी दुकानात बदलीचा अर्ज भरत होते. निम्मा अर्ज झाल्यावर त्यांना कुठूनतरी आठवलं की कुकीज धोकादायक असतात, आणि मला न विचारता त्यांनी सगळ्या पुसल्या. साइटनं ओळखच दाखवली नाही. आपण कोण? गुरुजी माझ्यावर रागावले. मी म्हटलं, गुरुजी, चपला आत असताना तुम्ही टोकन विहिरीत टाकलंत, आता मी काय करू?

एवढं सगळं मला येत होतं, आणि मला वाटत होतं की पुरे एवढं. मग सागरची भानगड आली.

सागर निमोण्याचा. वडील, म्हणजे आबा, फुलशेती करतात. आई नाही. सागर रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीत, आणि त्याची मोठी बहीण मंगल दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. मंगलचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत अपघातात गेला. तेव्हापासून ती माहेरीच. सागरचा बायोडाटा मीच केला होता. वर गणपती, खाली फोटो, ‘निर्व्यसनी’ हा शब्द ठळक. त्यावर दौंड तालुक्यातलं स्थळ आलं, पसंती झाली, आणि साखरपुड्याची तारीख काढायला मुलीचे वडील निमोण्याला आले. लग्नाच्या कार्यालयाचे फोटो बघा म्हणून सागरनं आपला फोन होणाऱ्या सासऱ्यांच्या हातात दिला. फोटोच्या खालीच जाहिरात उमटली. ‘पुनर्विवाहासाठी योग्य स्थळे. घटस्फोटित, विधुर, विधवा. आजच नोंदणी करा.’

मुलीच्या वडिलांनी फोन परत दिला. चहा घेतला आणि गेले. दोन-तीन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, तारखेची घाई करू नका, आम्हाला चौकशी करायची आहे.

चौकशी कशाची, ते सगळ्यांना कळलं. मुलाचं आधी एक लग्न झालंय आणि ते लपवलंय. आपल्याकडं लग्नाची चौकशी म्हणजे काय असते? भावकीत विचारायचं, शेजारी विचारायचं, कंपनीच्या गेटवर एखादा ओळखीचा गाठायचा. त्या माणसांनी फोनलाही साक्षीदार धरलं. माणूस खोटं बोलेल, फोन कशाला बोलेल?

सागर माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, “ताई, देवाशपथ मी कवा असलं काय बघितलं न्हाई. आन् बायोडाटा तुम्ही केला म्हणून ते म्हणत्यात, ताईला बी माहीत असंल.” म्हणजे मीही आरोपी. मी त्याचा फोन घेतला, कुकीज पुसल्या, तिसऱ्याच्या कुकीज अडवायचं बटण असतं ते चालू केलं, आणि पदवीकडं पाठ करून ऐटीत सांगितलं, जा, मिटलं.

आठवडा झाला नाही तोवर सागर परत आला. जाहिरातही परत आली होती, आणि या वेळी तिच्यात ‘पुणे जिल्ह्यातील’ असंही लिहिलेलं.

इथं माझी बुद्धी चालेना. टोकन फेकलं, ठेकेदाराच्या माणसाला हटवलं, तरी बांगडीवाला ओळखतो कसा? मी परत पुसलं. फोन बंद करून चालू केला. जे काही सुचलं ते केलं. शेवटी त्याच्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये शिरले, तर तिथं अकाउंट चालू असलेले फोन दाखवत होते. एक हा, आणि दुसरा एक जुना. मी सहज विचारलं, जुना फोन कुठंय?

“त्यो? मंगलताईला दिलाय. कंपनीत जायला-यायला लागतो.”

“अकाउंट काढून दिलास?”

“न्हाई. तसाच दिला. चालतंय की.”

आपल्याकडं फोन असाच उतरतो. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसा फोन. सदऱ्यात मागच्याचं काही राहत नाही, फोनमध्ये राहतं. दोन्ही फोन सागरच्या एकाच अकाउंटवर होते. म्हणजे जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीच्या लेखी मंगल नावाचं माणूसच नव्हतं, सगळा सागरच. तिकडच्या फोनवर जे बघितलं जाईल त्याची जाहिरात इकडं येणार. कुकी फक्त एका ब्राउझरपुरती असते, अकाउंट मात्र दोन्ही फोनना दावणीला बांधतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

सागरच्या ते डोक्यातही आलं नाही. तो जाहिरातीलाच शिव्या देत होता. आणि मी? मला कळलं ते सांगावं की सांगू नये, हे मला कळेना. भावाचं लग्न वाचवायचं तर बहिणीचं नाव घ्यावं लागणार. आमच्या भागात विधवा बाई पुन्हा लग्नाचा विचार करते, हे अजूनही चारचौघांत बोलायला अवघड. त्यात तिनं स्वतः शोधायचं, म्हणजे तर विचारूच नका. मी त्याला म्हटलं, बघते, आणि घरी पाठवलं. त्या दिवशी जेवताना माझं लक्ष नव्हतं. नवऱ्यानं विचारलं तर त्यालाही सांगितलं नाही. दुकानाचा नियम आहे, गिऱ्हाइकाच्या फोनमधलं दुकानाबाहेर जात नाही.

पुढच्या गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी, मध्यस्थ दोन्हीकडच्या माणसांना घेऊन दुकानातच आला. मुलीचे वडील, आबा, सागर, आणि मागोमाग मंगल. खुर्च्या पुरल्या नाहीत. मंगल पाण्याच्या जारपाशी उभी राहिली.

मुलीचे वडील सभ्य माणूस. आवाज न चढवता म्हणाले की त्यांना भांडायचं नाही, पण मुलीचा बाप आहे. फोनमध्ये आधी काय काय बघितलंय ते निघतं, असं त्यांच्या पुतण्यानं सांगितलं होतं. ते त्यांच्यासमोर काढून दाखवावं, एवढंच मागणं.

निघतं, ते खरं होतं. आणि मी ते काढणार नव्हते, हेही खरं होतं. मी त्यांना चपलांच्या टोकनापासून सगळं सांगायला सुरुवात केली. जाहिरात माणूस बघून येत नाही, टोकन बघून येते, आणि टोकन कुणाच्या हातात होतं ते तिला माहीत नसतं. ते मान हलवत ऐकत होते, पण पटल्यासारखं दिसेना. बाईमाणूस सांगतंय म्हणून ऐकून घेत असावेत. शेवटी मी म्हटलं, तुमचा फोन द्या.

त्यांच्या फोनवर बाजारभावाची तीच साइट उघडली. कांद्याचा भाव वर आणि खाली जाहिरात, ‘टकलावर हमखास केस.’ गृहस्थांच्या डोक्यावर टोपी होती. सगळ्यांनी टोपीकडं बघितलं.

“मी न्हाई हो बघितलं,” ते गडबडीनं म्हणाले. “पोरगा बघत असंल. त्यो घेतो फोन.”

“मग सागर तरी दुसरं काय म्हणतोय?” मी म्हटलं.

मध्यस्थ खोकल्यासारखा हसला. मुलीचे वडीलही हसले, टोपी सारखी केली, आणि मला वाटलं, जिंकले. माझ्या पदवीचं चीज झालं. पण शेतकरी माणूस हिशेबाला पक्का असतो. ते आबांकडं वळले.

“म्हंजी पोरानं बघितलं न्हाई. मान्य. पर कुणीतरी तर बघितलंय. मग आबा, तुमच्या घरात दुसरं लगीन कुणाला करायचंय?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सागरला सोडवायला मी जो दोर टाकला तो थेट मंगलच्या गळ्यात पडला होता. मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं बघितलंच. ती ग्लास विसळत होती. मघाशीच विसळलेला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी आबा बोलले.

“मला.”

कुणाला काही कळेना. आबांनी गुडघ्यावरचा हात उचलला नाही की मान वर केली नाही. “मीच बघत व्हतो. पोराचा फोन घिऊन. माणूस एकलं पडतंय, पाहुणं.”

सागर तोंड उघडं टाकून बापाकडं बघत राहिला. मध्यस्थानं रुमाल तोंडाला लावला. मुलीचे वडील आधी गोंधळले, मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा काही उतरला की विचारू नका. म्हणाले, “अवं आबा, मग आधी सांगायचं न्हाई का? एकाच मांडवात दोन्ही उरकू.” सगळे हसले. आबाही हसल्यासारखे झाले. तारीख तिथंच, माझ्या दुकानात ठरली.

लोक गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून राहिले. आबांना वाचता येतं ते सहीपुरतं. फोनवर ते बोटानं हिरवं बटण दाबतात, एवढंच. ते पुनर्विवाहाची साइट कुठून उघडणार? मग त्यांना खरंच वाटत होतं की आपणच चुकून काही दाबलं? की स्वतःलाच करायचं होतं आणि कुणाकडून तरी बघून घेतलं? मी जेवढा विचार केला तेवढी गुंतत गेले. कॉम्प्युटरचं असतं तर सेटिंग उघडून बघितलं असतं.

साखरपुडा झाला. गावानं आबांना सोडलं नाही. दूध घालायला गेले की डेअरीवर कुणीतरी विचारायचंच, “आबा, मुंडावळ्या कवा?” पोरंसोरंही म्हणायला लागली. हे मला सागरकडून कळायचं. तोही हसायचा, पण अवघडून.

एके दिवशी सकाळी दुकान उघडतेय तर आबा पायरीवर बसलेले. एकटेच. आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, आणि बराच वेळ पदवीकडं बघत राहिले. मग विचारलं, “ताई, तुम्ही त्या फोनमधलं पुसलं म्हणत्यात. ते परत आणता येतंय का?”

मी विचारलं, काय पाहिजे होतं?

“तिला कुठलं स्थळ बघायचं व्हतं, तेवढं दिसलं आसतं.”

आबाच पुढं म्हणाले, “पाहुण्यानं इचारलं तवा समदी माझ्याकडं बघत व्हती. ती एकटी खाली बघत व्हती. बापाला तेवढं कळतंय. एवढी वर्सं कळाया पायजे व्हतं, ते न्हाई कळलं.”

मी त्यांना सांगितलं की पुसलेलं टोकन परत येत नाही, आणि आलं तरी मी दाखवणार नाही. तिलाच विचारा. तर म्हणाले, बाप असलं कसं विचारणार. मी फटकळ आहे. म्हटलं, चारचौघांत स्वतःला नवरदेव म्हणवून घेता आलं, मग घरात पोरीशी दोन शब्द बोलायला काय होतं? आबा उठले आणि गेले. मला वाटलं, जास्त बोलले मी.

पुढच्या गुरुवारी मंगल आली. मागं आबा होते, पण ते आत आले नाहीत. पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसले. मंगलनं फोन टेबलावर ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली ते आबांबद्दलच. “ताई, त्यांना कसं कळलं?” मी सांगितलं, फोनवरून नाही कळलं.

मग आम्ही आधी त्या जुन्या फोनमधून सागरचं अकाउंट काढलं आणि तिचं स्वतःचं उघडलं. पासवर्ड टाकताना मी तोंड फिरवलं. जाहिराती आपल्या सवयीनुसार दाखवायच्या की नाही, हे बंद करायचं बटण तिला दाखवलं. ते तिनं बंद केलं. साइटची पट्टी वर आली तेव्हा तिनं मला विचारलं नाही. करड्या अक्षरातला पर्याय शोधला आणि तो दाबला. वेळ लागला, पण दाबला.

नंतर बायोडाटा. गणपती, नाव, शिक्षण, कंपनी. सगळं भरून ‘अपेक्षा’ या रकान्याशी आलो. इथं मुली ‘निर्व्यसनी, सुशिक्षित, एकत्र कुटुंब’ असं सांगतात, माझी बोटं ते आपोआपच टाइप करतात. मंगल म्हणाली, थांबा.

तिनं थोडा विचार केला. “लिहा, त्याचा फोन त्याचा. माझा फोन माझा.”

पायरीवरून आबांचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नव्हती. “आन् माणूस बरा असावा, ते बी ल्हिवा.”

ते मी आधी लिहिलं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना सगळे कॉम्प्युटर पुसले, एक सोडून. मंगलचं त्यावर स्थळं बघून पुरं झालं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येणार होती. सकाळी त्याच कॉम्प्युटरवर माझ्या नवऱ्यानं विजेचं बिल भरायला घेतलं आणि आतून हाक मारली, “अगं, हे पुनर्विवाहाचं काय?” मी दुकानाच्या दारापाशी चहा गाळत होते. म्हटलं, दुकानाचं आहे.

हे सगळं लिहायच्या आधी मी मंगलला विचारायला गेले. नावं बदलते, तरीही नको असेल तर नाही लिहीत, असं म्हटलं. ती आता सासरी असते. तिच्या नव्या संसाराचं मी काही सांगणार नाही, ते दुकानाबाहेरचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लिहा, ताई. डेअरीवर अजून त्यांना मुंडावळ्यांचं इचारत्यात. ती जाहिरात आबांच्या नावावरनं एकदाची उतरवा.”